न मोडलेला तह

तुम्ही ज्या जमिनीवर राहता, तिथे तुमच्या आधी कोण राहत होतं? घाईने उत्तर देऊ नका. 'आमचे आजोबा' हे उत्तर चालणार नाही. आजोबांच्याही आधी कोण होतं? त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे? ते कुठे गेले? आणि ते गेले, की त्यांना जावं लागलं?

हा प्रश्न मला ज्यांच्यामुळे पडला त्यांच्याविषयी लिहितो आहे. माझे स्वतःचे प्रश्न सहसा याहून सोपे असतात. माझे वडील रत्नागिरीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मी वाचायला शिकलो तो त्यांनी घरी आणलेल्या रद्द प्रुफांवर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत आमच्या घरात तांदळापेक्षा पत्रकं जास्त होती. अन्याय म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे एक लुटणारा, एक लुटला जाणारा आणि वर जाड टायपातला मथळा उभा राहतो. लुटणाऱ्याने दिलेला शब्द पाळलेला असू शकतो, हे मला कुठल्याच पत्रकाने सांगितलं नव्हतं.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. दुबई, शारजा आणि आजूबाजूची शेखांची लहान-लहान राज्यं, या साऱ्या पट्ट्याला इंग्रज 'ट्रूशल कोस्ट' म्हणतात. ट्रूस म्हणजे तह. इथल्या शेखांशी इंग्रजांनी कधीकाळी समुद्रावरच्या शांततेचा तह केला, आणि मुलखाचं नावच तहावरून पडलं. या तहाच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या मागच्या डोंगरात, पाण्यासाठी जमिनीत भोकं पाडणाऱ्या एका कंपनीचा कॅम्प होता. किनाऱ्यावर नवी वस्ती वाढत होती, तिला पाणी हवं होतं. मी तिथे स्टोअर सांभाळायचो, आणि मदरशात शिकलेल्या अरबीमुळे गरजेपुरता दुभाष्याही व्हायचो. ऑटो क्रेमर तिथले मुख्य ड्रिलर होते.

साठीकडे झुकलेले, उंच, खांद्यात थोडे वाकलेले. उन्हाने मान विटेसारखी लाल झालेली. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, भर जूनमध्येही. मला साहेब हा शब्द तोंडातून काढायचा नसे, म्हणून मी त्यांना मिस्टर क्रेमर म्हणे. बाकी सगळा कॅम्प त्यांना जर्मनसाहेब म्हणायचा.

याला कारण आमचे दाऊदचाचा. चाचा महाडकडचे, कॅम्पचे स्वयंपाकी. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात चाचांनी एक पोचे पडलेलं पातेलं क्रेमर यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "ये भी जर्मन, तुम भी जर्मन." मी अर्थ सांगितला. क्रेमर यांनी पातेलं हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं, एकेका पोच्यावर अंगठा दाबला आणि गंभीरपणे म्हणाले, "बराच मार खाल्लाय याने. हो, आमच्यातलंच आहे."

खरं तर ते जर्मन नव्हते. जर्मनीत त्यांनी पाऊलही टाकलं नव्हतं. त्यांचा जन्म अमेरिकेतला, टेक्सासच्या डोंगराळ भागातल्या एका गावातला. त्यांच्या पणजोबांच्या पिढीत उपाशी शेतकऱ्यांची जहाजं जर्मनीतून तिथे गेली, आणि त्यांनी वसवलेल्या गावात नंतरही घरात, देवळात, बाजारात जर्मनच बोलत. कॅम्पमधल्या इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हटलं की ते ताडकन म्हणत, मी अमेरिकन आहे. अमेरिकन म्हटलं की तेवढ्याच ताडकन म्हणत, आम्ही जर्मन. चाचांचं मत असं की या माणसाला कोणीही काहीही म्हटलं तरी तो 'नाही' म्हणणार. सासुरवाडीला असाच वागत असेल.

एकदा त्यांनी मोठ्या बरणीत कोबी चिरून मिठात घालून ठेवला, तो आंबू लागला. चाचांनी वास घेतला, बिस्मिल्ला म्हणाले आणि सगळी बरणी वाळूत उपडी केली. क्रेमर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी बरणी घातली, तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि तयार झाल्यावर पहिला घास चाचांना दिला. चाचांनी तो चावला, गिळला आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, हे लोणचं नाही, दुखणं आहे." पण पुढच्या बरणीत त्यांनी हळूच हिरवी मिरची टाकली, आणि क्रेमर ती पुसून पुसून खात होते. आमच्यात त्यांचं असं चालायचं.

पण त्यांची खरी सवय वेगळी होती. नवीन ठिकाणी कॅम्प पडला की ते ट्रकवरून एकही पाइप खाली उतरवू देत नसत. आधी डोक्यावरची टोपी काढायची, कॉफी आणि साखरेचा पुडा घ्यायचा, मला बरोबर घ्यायचं आणि जवळच्या झोपडीपाशी जाऊन विचारायचं, "आम्ही तुमच्याशेजारी राहिलो तर चालेल का?" ट्रक उन्हात उभे, मजूर सावली शोधत बसलेले, मॅनेजर घड्याळाकडे बघतो आहे, आणि हे विचारायला चाललेत. अरबीत शेजाऱ्याला 'जार' म्हणतात. तो शब्द ते आपल्या जाड जिभेने असा उच्चारायचे की ऐकणारी बाई पदराआड हसायची. पण 'नको' असं कोणीच म्हटलं नाही.

मी एकदा विचारलं, हे कुठून शिकलात? तेव्हा त्यांनी शाळेतली गोष्ट सांगितली. ते लहान असताना पहिलं महायुद्ध चालू झालं, अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली, आणि त्यांच्या गावाच्या भोवतालची माणसं, जी कालपर्यंत त्यांच्याकडे सॉसेज विकत घ्यायला यायची, तीच रातोरात परकी झाली. कोणीतरी त्यांच्या देवळाच्या दाराला पिवळा रंग फासला. आजोबांना भर बाजारात अमेरिकेच्या निशाणाचं चुंबन घ्यायला लावलं. शाळेत जर्मन शब्द उच्चारायला बंदी झाली. नव्या मास्तरीणबाईंनी एक दिवस विचारलं, जो आपल्या बाजूला राहतो त्याला काय म्हणायचं? ऑटोने हात वर केला आणि त्याच्या तोंडून घरचा शब्द निघाला, "नाखबार." त्या शब्दासाठी बाईंनी बोटांवर पट्टी मारली.

"शेजारी म्हटलं म्हणून मार खाल्लेला मी जगात एकटाच असेन," ते म्हणायचे. त्यांना या गोष्टीचा अभिमान वाटत असावा. मार खाणाऱ्यांच्या बाजूला आपण आहोत, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं, आणि म्हणून ते मला आवडायचे.

मराठी 'शेजारी' हा शब्द त्यांनी चाचांकडून उचलला. एक दिवस हिशेब करत माझ्याकडे आले. दोनशे, तीनशे यातला 'शे' म्हणजे शंभर ना? मी हो म्हटलं. मग 'शेजार' म्हणजे शंभर जार, शंभर शेजारी. मी त्यांना परोपरीने सांगितलं की ही व्युत्पत्ती साफ चूक आहे, त्या शब्दाचा अरबीशी काही संबंध नाही. त्यांनी ऐकलं नाही. "तुम्हाला तुमची भाषा येत नाही," ते म्हणाले, आणि ही शंभर शेजाऱ्यांची बातमी घेऊन थेट अबू खमीसकडे गेले.

अबू खमीस हे कॅम्पजवळच्या वाडीचे म्होरके. वाडी म्हणजे खजुराची झाडं, दगडी भिंतींची थोडी घरं, शेळ्या आणि एक फलज. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून जमिनीखालून खोदत आणलेला पाण्याचा पाट. आपल्या कोकणातल्या पाटासारखाच, पण वरून झाकलेला. त्याचं उगमाचं विवर डोंगराच्या पायथ्याशी, तिथून पाणी वाडीत यायचं, आधी पिण्याला, मग गुरांना, मग खजुरांना. कोणी खोदला ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या पाटावर वाडी जगत होती. तो आटला तर वाडी उठली, एवढं साधं गणित होतं.

क्रेमर पहिल्या दिवशी साखर घेऊन गेले तेव्हाच अबू खमीसनी एकच गोष्ट मागितली. तुम्ही आमचे जार, सुखाने राहा, पण आमच्या उगमाला हात लावू नका. क्रेमर यांनी मॅनेजरला न विचारताच शब्द दिला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून उगमाभोवती दगडांची एक रांग मांडली. क्रेमर यांनी स्टोअरमधून चुना नेऊन ते दगड पांढरे केले. या रांगेच्या आत कंपनी भोक पाडणार नाही. वाडीने कंपनीच्या गाड्यांना आपल्या वाळूतून वाट द्यायची. हात मिळवले गेले, कॉफी झाली. मॅनेजर इंग्रज होता. त्याला हे कळल्यावर तो हसला आणि म्हणाला, ऑटोने खासगी तह केला वाटतं. पण हरकत घेतली नाही. तेव्हा आम्हाला ते मोठं मन वाटलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, क्रेमर कॅम्पमागच्या टेकडीवर चढले, काटक्यांचा ढीग रचला आणि ऊन कलताच पेटवला. तासाभरात अबू खमीस आणि वाडीतली माणसं बंदुका घेऊन कॅम्पात धावत आली. टेकडीवर जाळ म्हणजे मदतीची हाक, असा त्यांचा रिवाज. शेजारी संकटात आहे म्हणून ती आली होती. कोणी संकटात नाही हे पाहून सगळे हसले, क्रेमर लाजले, चाचांनी चहा ठेवला, आणि क्रेमर यांना जाळाचं कारण सांगावं लागलं. ते सांगत गेले, मी अरबीत करत गेलो.

त्यांचं गाव वसलं तेव्हा भोवतालचे डोंगर कोमांची लोकांचे होते. कोमांची म्हणजे त्या भागातले रेड इंडियन, घोड्यावर जन्म काढणारे. इतर ठिकाणी गोरे आले की बंदुका चालायच्या. या जर्मन मंडळींनी मात्र कोमांचींच्या प्रमुखांकडे जाऊन बोलणी केली. बोलणी चालू होती तेव्हा डोंगराडोंगरांवर कोमांचींचे जाळ दिसत होते. गावातली पोरं घाबरली. तेव्हा एका आईने मुलांना सांगितलं, घाबरू नका, तो ईस्टरचा ससा आहे, सणाला पोरांना वाटायची अंडी मोठ्या हंड्यांत रंगवतो आहे. बोलणी यशस्वी झाली. जर्मनांनी कोमांचींच्या मुलखात जावं, कोमांचींनी गावात यावं, कोणी कोणाला मारू नये. आणि तो तह, क्रेमर छाती भरून म्हणाले, आजपर्यंत मोडलेला नाही. सगळ्या अमेरिकेत असे तह हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्या आठवणीसाठी गावात दरवर्षी डोंगरावर जाळ करतात. पोरं सशाचे कान लावतात, काही पोरं तोंडाला रंग लावून कोमांची होतात. "मी लहानपणी ससा झालो होतो, आणि मोठा झाल्यावर कोमांचीसुद्धा."

वाडीच्या लोकांना गोष्ट फार आवडली. सशाची अंडी मला नीट समजावता आली नाहीत, तरीही आवडली. मग अबू खमीसनी विचारलं ते यात काही खोच होती म्हणून नाही. इथली रीतच तशी आहे. भेटलं की घरच्यांची खुशाली विचारतात, उंटांची, शेळ्यांची, पावसाची, शेजाऱ्यांची. एक गोष्ट सुटली तर कमी लेखल्यासारखं होतं. अबू खमीसनी रीतीप्रमाणे विचारलं, "आणि तुमचे ते शेजारी कसे आहेत? खुशाल आहेत ना?"

मी ते इंग्रजीत सांगितलं.  इतकी वर्षं गावाच्या तहाची गोष्ट क्रेमर सांगत आले असतील; हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. ते माझ्याकडे बघत राहिले, मग आपल्या हातांकडे, आणि हळू म्हणाले, "सांग त्यांना, खुशाल आहेत."

मी तसं सांगितलं. अबू खमीस म्हणाले, अल्हम्दुलिल्ला.

पाहुणे गेल्यावर क्रेमर तिथेच बसले होते. पेले उचलायला चाचा आले तेव्हा माझ्याशी बोलू लागले. कोमांची तिथे नाहीत. क्रेमर यांच्या वडिलांच्या जन्माच्या आधीपासून नाहीत. तहानंतर पाव शतक उलटलं न उलटलं तोच त्या डोंगरांत एकही कोमांची उरला नव्हता. उरलेसुरले दूर उत्तरेला, सरकारने आखून दिलेल्या जमिनीवर नेऊन ठेवले गेले. क्रेमर यांनी स्वतः उभ्या जन्मात खरा कोमांची पाहिला नव्हता. तोंडाला रंग लावलेली पोरंच पाहिली होती.

"पण तह मोडला नाही म्हणालात," मी म्हटलं.

"नाही मोडला. तहात होतं की आम्हाला जमीन मोजू द्यायची. आम्ही मोजली. मोजली की कुंपण घालता येतं. कुंपण घातलं की विकता येते. विकली की आणखी माणसं येतात. ती माणसं तहात नव्हती." ते थांबले. "आम्ही काहीच मोडलं नाही. फक्त मोजलं."

ते इंग्रजीत बोलले होते. मी मनात मराठी करून पाहिली तेव्हा दोन शब्दांत एका अक्षराचा फरक निघाला. पत्रकात घालायला चांगलं वाक्य आहे, असं तेव्हा माझ्या मनात आलं. आज ते वाक्य लिहिताना हात अडतो.

त्या दिवसानंतर क्रेमर बदलले, असं मी म्हणणार नाही. बटण तसंच लावलेलं, बरण्या तशाच. फक्त गावाची गोष्ट सांगणं थांबलं.

मग भोक पाडायची जागा ठरली. पांढऱ्या दगडांच्या बाहेर, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, उगमाच्या वरच्या अंगाला. जागा क्रेमर यांनीच नक्की केली. मधल्या खडकामुळे दोन्हीकडचं पाणी वेगळं राहील, आणि पंप रोज थोडा वेळच चालेल, असं ठरलं होतं. पाणी लागलं तेव्हा सगळा कॅम्प नाचला. वाडीची पोरंही नाचली. अबू खमीसनी शेळी कापली. पाइप किनाऱ्यापर्यंत गेला, पंप बसला, आणि एकदा बसल्यावर तो चालूच राहिला. किनाऱ्यावरची वस्ती वाढत होती. वस्तीला पाणी पुरेना, तसा पंप थांबेना.

आम्हालाही ते पाणी भरपूर होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आम्ही हिंदी माणसं स्वतःला त्या मुलखात नेहमी गोऱ्यांचे चाकर म्हणून मोजतो, मालकांत कधीच नाही. आम्ही दोन वेळा अंघोळ करू लागलो. गाड्या धुऊ लागलो. चाचांनी नळाखाली कोथिंबिरीचा वाफा केला, आणि तो असा तरारला की रत्नागिरीची आठवण यावी. उन्हाळा संपता संपता वाडीतला पाट बारीक झाला. आधी खजुरांचं पाणी तुटलं, मग गुरांचं. मग वाडीतल्या बायका कातडी पिशव्या घेऊन आमच्या कुंपणापाशी येऊ लागल्या.

मॅनेजरने कुंपणावर एक पाटी लावली. पाणी फक्त कॅम्पसाठी. इंग्रजी, उर्दू आणि अरबी, तिन्ही भाषांत. कुंपणाच्या आत आम्ही पन्नासेक माणसं होतो, सगळ्यांना त्यातली एक तरी भाषा वाचता येत होती, आणि ती पाटी उतरवायला कोणीही उठलं नाही. नोकरी जाईल, घरी पैसे कसे जातील, व्हिसा रद्द होईल. सगळ्यांकडे कारणं होती आणि सगळी खरी होती.

क्रेमर मॅनेजरच्या तंबूत गेले तेव्हा मी सामानाची मागणी घेऊन तिथेच उभा होतो. ते आवाज चढवून बोलत होते. पंप थांबवा. मी शब्द दिलाय. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ऑटो, तुम्ही शब्द दिला आणि पाळला," तो म्हणाला. "जाऊन बघा. एकही दगड हललेला नाही."

क्रेमर यांनी पाण्याचा पेला ओठापर्यंत नेला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला. लहानपणापासून गावाच्या प्रत्येक सणाला ऐकलेलं वाक्य त्या माणसाने त्यांना परत दिलं होतं. ते उठले, बाहेर आले, स्टोअरमधून पान्हा उचलला आणि सरळ कुंपणाकडे चालत गेले. पाटी काढली. मग स्वतःच्या हातांनी पाइप जोडून कुंपणाच्या बाहेर एक नळ बसवला. दुपारचं ऊन होतं. आम्ही सगळे सावलीतून बघत होतो.

चाचा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी कधी आपल्या गावाचं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "महाडात तळ्याचं पाणी प्यायले म्हणून माणसांना झोडपलं, तेव्हा माझ्या बापाने त्यातल्या दोघांना घरात घेऊन दार लावलं होतं. आम्ही पोरांना हे सांगतो, मान वर करून. आणि इथे बघ, त्याच बापाचा पोर कोथिंबीर शिंपतोय." ते गेले आणि दोन्ही हातांनी तो वाफा उपटून टाकला. मी महाडच्या तळ्यावरची पत्रकं तोंडपाठ म्हणून दाखवणारा. मी सावलीतच उभा होतो.

संध्याकाळी क्रेमर मला घेऊन वाडीत गेले, नळाची बातमी द्यायला. अबू खमीसनी कॉफी दिली. खुशाली विचारली, सगळ्यांची, रीतीप्रमाणे. मग म्हणाले, नळ बसवलात, अल्लाह तुमचं भलं करो. पण नळावर शेळ्या जगतील, खजूर जगणार नाहीत. आणि आमच्या बायका तुमच्या कुंपणापाशी उभ्या राहणार नाहीत. "जार जाराच्या घरी पाणी पितो, दारात नाही. आम्ही किनाऱ्यावर जातोय. तिथे आता पाणी आहे म्हणतात."

त्यांचंच पाणी. 

क्रेमर म्हणाले, "त्यांना सांग, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझ्या गावचे शेजारी खुशाल नाहीत. तिथे कोणीच नाही."

मी सांगितलं. अबू खमीसनी दाढीवरून हात फिरवला. मग मला म्हणाले, "त्यांना सांग, मला ते तेव्हाच कळलं होतं. खुशाल शेजाऱ्याची आठवण म्हणून कोणी जाळ करतं का? त्याच्याकडे जेवायला जातात."

वाडी उठली तेव्हा गाढवांवर दारांच्या चौकटीसुद्धा लादलेल्या होत्या. क्रेमर टोपी काढून वाटेवर उभे होते. निघताना प्रत्येकाने त्यांना सलाम केला, लहान पोरांनीही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते नंतर म्हणाले.

पुढच्या ईस्टरला त्यांचं कंत्राट संपत आलं होतं. शनिवारी दुपारनंतर ते टेकडीवर चढले, मी मागोमाग गेलो. त्यांनी पुन्हा काटक्यांचा ढीग रचला, बाजूला बसले, काड्यापेटी हातात. समोर वाडीची जागा दिसत होती: वाळलेले खजूर, बिनदारांची घरं, आणि वर डोंगराच्या पायथ्याशी पांढऱ्या दगडांची रांग, नीट, जागच्या जागी. खालून पंपाचा आवाज येत होता. ऊन उतरलं. मागच्या वर्षी याच वेळी बंदुका घेऊन माणसं या वाटेने धावत आली होती. आता जाळ केला तर धावत येणारं कोणी नव्हतं.

"शे-जार," ते एकदम म्हणाले. "यातला जार गेला की काय उरतं?"

"शे," मी म्हटलं.

"म्हणजे नुसता आकडा." ते उठले. या वेळी मी त्यांना व्युत्पत्ती चूक आहे असं सांगितलं नाही.

जाळ न करताच ते टेकडी उतरू लागले. उतरताना गुडघे दुखत असावेत, एकेक पाऊल आडवं टाकत होते. खाली चाचांच्या हातात त्यांनी काड्यापेटी दिली आणि चहा ठेवायला सांगितला. मग कुंपणाबाहेरच्या नळापाशी गेले. तो थेंब थेंब गळत होता. वाकून त्यांनी तो घट्ट केला, हात लावून पाहिला, आणि पुन्हा घट्ट केला. त्यांना मी पाहिलं ते हे शेवटचं. मी उठलो तेव्हा पहाटेच्या गाडीने ते गेले होते.

आज दुबईच्या बर दुबई भागात खाडीकाठच्या खोलीत बसून मी हे लिहितो आहे. खाली नळ आहे. मी कोणाचं काही मोडलेलं नाही. तुम्हीही मोडलेलं नसेल. आपल्यातल्या फार थोड्यांनी काही मोडलंय, आणि तरी एवढी माणसं उठून कुठे गेली?

मी तुमच्याकडे सही मागत नाही, वर्गणी मागत नाही, मोर्चाला या म्हणत नाही. एवढंच करा. तुमच्या नळाचं पाणी कुठल्या गावाहून येतं ते शोधून काढा. तुमची चाळ, तुमची कॉलनी, तुमचं धरण जिथे आहे तिथून उठलेली माणसं आता कुठे आहेत ते विचारा. त्यातल्या एका घरी जा. दारात उभे राहू नका, आत बोलावलं तर आत बसा, दिलं तर पाणी प्या. आणि विचारा, कसे आहात? मग ते सांगतील ते पुरतं ऐकल्याशिवाय उठू नका.